दहावीचा अभ्यास: पुस्तक मिटून लिहिता आलं तरच तो झाला

दहावीतलं पोर पुस्तक पुढ्यात घेऊन बसलं की घरच्यांना बरं वाटतं. 'आमचा पाच तास बसतो', 'आमची पहाटे चारला उठते', असं पाहुण्यारावळ्यांत सांगितलंही जातं. पण बोर्डाच्या पेपरात तासांना मार्क नाहीत. तिथं पुस्तक नसतं, गाईड नसतं, समोर कोरी उत्तरपत्रिका असते आणि भिंतीवर घड्याळ असतं. त्या दोन-तीन तासांत जे आठवून कागदावर उतरतं त्यालाच गुण मिळतात. वर्षभर वाचलेलं आयत्या वेळी आठवत नाही ही तक्रार घरोघरी ऐकू येते. अशा वेळी पोराला 'ढ' म्हणून मोकळं होण्यापेक्षा त्याची अभ्यासाची रीत तपासावी. बहुतेक वेळा चूक रीतीतच सापडते.

परीक्षा नेमकी कशी असते

रीतीकडे वळण्याआधी परीक्षेचा साचा माहीत हवा. दहावी झालेल्या थोरल्या भावंडांनाही तो नीट सांगता येत नाही. राज्य मंडळाच्या दहावीला मुख्य विषय सहा: तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येक विषय १०० गुणांचा. त्यातले ८० लेखी परीक्षेला आणि २० शाळेतल्या तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाला. भाषेचा ८० गुणांचा पेपर एकाच दिवशी होतो. गणिताचे मात्र बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० चे दोन पेपर असतात. विज्ञानाचे भाग १ आणि भाग २, तसंच एक इतिहास-राज्यशास्त्राचा आणि एक भूगोलाचा पेपर, तेही ४०-४० चेच. हे पेपर दोन तासांचे असतात.

पास व्हायला विषयात ३५ गुण लागतात. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात, म्हणजे हिशेब ५०० चा होतो. म्हणून काही पोरं एक विषय 'सोडून' देतात. ते अंगाशी येतं, कारण टक्केवारीत धरला नाही तरी त्या विषयात पास व्हावंच लागतं.

अंतर्गत २० गुणांकडे गावाकडच्या शाळांतली पोरं फार हलक्यानं बघतात. प्रयोगवही वेळेत पूर्ण करणं, गृहपाठ देणं, तोंडी परीक्षेला हजर राहणं, एवढ्यावर हे गुण अवलंबून असतात. जानेवारीत दुसऱ्याची वही बघून रात्रभर उतरवण्यापेक्षा दर आठवड्याला एक प्रयोग लिहिणं सोपं.

वाचलं की आलं असं वाटतं, पण येत नाही

धडा एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटायला लागतं. इथंच फसगत होते. ओळखीचं वाटणं वेगळं आणि न बघता सांगता येणं वेगळं. बाजारात एखादा माणूस बघितल्यासारखा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, त्यातलाच हा प्रकार.

यावर अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाला तो चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या गटाला एका फेरीत वाचायला दिला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानं पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांच्या ध्यानात ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांच्या ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला चांगलं लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच जास्त होता.

दहावीच्या पोराला यातून करायचं ते सोपं आहे. 'गुरुत्वाकर्षण' हा धडा वाचला की पुस्तक मिटायचं. पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं: केप्लरचे तीन नियम, न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, मुक्तिवेगाचं सूत्र. मग पुस्तक उघडून ताडून बघायचं. जे सुटलं त्याच्याखाली लाल रेघ. दुसऱ्या दिवशी अख्खा धडा परत वाचायचा नाही, लाल रेघेचं तेवढं बघायचं आणि पुन्हा न बघता लिहायचं. पहिल्यांदा कागद निम्मा कोरा राहतो. पोर हिरमुसतं, 'मला काहीच येत नाही' म्हणतं. पण आपलं कच्चं काय ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा दिवाळीच्या आधी घरात कळलेलं बरं.

कागद नसला तरी अडत नाही. म्हशीची धार काढताना आईनं प्रश्न विचारावा, पोरानं तोंडी उत्तर द्यावं. आईला विषय कळलाच पाहिजे असं नाही. धड्याखालचा स्वाध्याय बघून विचारायचं आणि उत्तर पुस्तकात सापडतंय का ते पोरालाच शोधायला लावायचं. दोघं-तिघं मित्र एसटीत एकमेकांना विचारत गेले तरी चालतं. सगळ्या पानावर पिवळा पेन फिरवण्यानं मात्र फार काही हाती लागत नाही. अभ्यासाच्या दहा पद्धती तपासणारा एक मोठा आढावा २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यात ओळी रंगवणं आणि नुसतं पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं या दोन सर्वांत वरच्या.

मोकाट पाणी आणि ठिबक

अभ्यास दिवसांत विभागणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. महिनाभराचं पाणी एकाच दिवशी शेतात सोडलं तर ते वाहून जातं, पीक काही महिना काढत नाही. फेब्रुवारीत दिवसाला बारा तास कोंबलेला अभ्यास तसाच. ऑगस्टपासून रोज दीड-दोन तास, आणि झालेला धडा ठरावीक दिवसांनी पुन्हा, हे ठिबक.

जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या लांबत गेल्या तरी चालतात. आज शिकलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं, मग महिन्यानं. दिनदर्शिकेवर धड्याचं नाव आणि पुढच्या तारखा टिपून ठेवल्या की झालं, त्यासाठी वेगळी वही नको.

गणितात आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे 'समरूपता' घेतली की तो सरावसंच संपेपर्यंत त्याच प्रकारची उदाहरणं. सूत्र कोणतं लावायचं हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे हात भराभर चालतो. पेपरात मात्र प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं. अमेरिकेतले डग रोहरर आणि केली टेलर यांचा घनफळाच्या उदाहरणांवरचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एक-एक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळ करून सोडवणाऱ्यांची ६० टक्केच. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. तेव्हा प्रकरण एकदा समजलं की पुढचा सराव मिसळूनच करावा. दोन उदाहरणं वर्गसमीकरणांची, दोन अंकगणिती श्रेढीची, एक संभाव्यतेचं. चुका जास्त होतील, होऊ द्याव्यात.

वेळ आणायचा कुठून

शहरातल्या वेळापत्रकाची नक्कल गावात चालत नाही. शाळेला जाण्या-येण्यात तास-दीड तास जातो. कृषिपंपाची वीज रात्रपाळीची असली की बापाबरोबर दारं धरायला पोरगंच जातं. पोरींच्या वाट्याला पाणी, भाकरी, धाकटी भावंडं. त्यात परीक्षेचे दिवस म्हणजे हरभरा आणि ज्वारीच्या काढणीचे दिवस. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. आणि ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला जातात त्यांची घरं तर दिवाळीनंतर रिकामीच असतात. ही पोरं आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहून परीक्षा देतात, काही कोपीवरूनच अभ्यास करतात.

अशा घरात 'सलग चार तास' हे गणितच चुकीचं. अर्ध्या-पाऊण तासाचे तीन तुकडे मिळाले तरी पुरतात, फक्त ते रोज त्याच वेळी आणि त्याच जागी मिळाले पाहिजेत. पहाटेचा एक, शाळा सुटल्यावर शाळेतच थांबून एक, जेवणाआधी एक. जड विषय पहाटे, लिहिण्याचा सराव संध्याकाळी. घरात टीव्ही चालू असेल तर मारुतीचं देऊळ, समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा. दहावीच्या वर्षात पोराला शेतात न्यायचंच नाही असं म्हणणं सोपं आहे, पण मजूर मिळत नाही तिथं ते पाळलं जात नाही. तेव्हा निदान एवढं तरी ठरवावं: जानेवारीपासून रात्रीच्या पाण्याला पोराला पाठवायचं नाही. दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. जागरण करून सकाळी वर्गात पेंगणाऱ्या पोराचे दोन्ही दिवस जातात.

मुलींच्या बाबतीत घरोघरी एक गोष्ट दिसते. भावाची दहावी असली की सगळं घर दबक्या आवाजात बोलतं. बहिणीची दहावी असली की तीच भांडी घासून मग पुस्तक उघडते. पेपर दोघांनाही तोच असतो.

मोबाईल

मोबाईल काढून घ्यावा की द्यावा, यावर घरात रोज भांडणं होतात. अभ्यासापुरता त्याचा खरा उपयोग दोन-तीन ठिकाणीच आहे. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की धड्याशी संबंधित साहित्य दिसतं. जुन्या प्रश्नपत्रिका शिक्षकांच्या ग्रुपवरून मिळतात, त्या उतरवून घेऊन एकदाच छापून आणाव्यात. एवढं झालं की फोन दुसऱ्या खोलीत. उताणा पडलेला फोन शेजारी असला तरी लक्ष त्याच्याकडेच जातं. गणिताचा व्हिडिओ बघताना उदाहरण सोडवणारे सर असतात, पोर फक्त मान डोलावतं. व्हिडिओ थांबवून पुढची पायरी आधी स्वतः लिहायची आणि मग सरांची बघायची, असं केलं तरच उपयोग.

'यंदाचे शंभर टक्के येणारे प्रश्न' म्हणून फिरणारे मेसेज पुढे पाठवू नयेत आणि वाचूही नयेत.

पेपर ओळखून सराव

बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर कसा फुटतो बघा. पहिला प्रश्न ८ गुणांचा: ४ बहुपर्यायी आणि ४ गुणांची छोटी उदाहरणं. दुसरा १२ चा: ४ गुणांच्या कृती आणि दोन-दोन गुणांची चार उदाहरणं. तिसरा ९ चा, चौथा ८ चा आणि पाचवा ३ चा. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांतच २० गुण, पेपराचा निम्मा. भूमितीचाही साचा हाच. गणिताला घाबरणाऱ्या पोरानं चौथ्या-पाचव्या प्रश्नातल्या अवघड उदाहरणावर रात्र घालवण्यापेक्षा आधी हे २० पक्के करावेत. कृतीमध्ये तर उत्तराचा सांगाडा छापलेलाच असतो, रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. त्या सोडून देणं म्हणजे कापणी झालेलं धान्य रानात ठेवून येणं.

मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेतही असंच. ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत: पत्र किंवा सारांश, जाहिरात, बातमी, कथा, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखनापैकी एक. शिवाय १६ गुण भाषाभ्यासाला: समास, अलंकार, वृत्त, शब्दसंपत्ती, लेखननियम. म्हणजे ४० गुण असे आहेत की धडे-कविता पाठ करून ते मिळत नाहीत, दर आठवड्याला एक पत्र आणि एक बातमी लिहून मिळतात. गावच्या जत्रेची, ग्रामसभेची, विहिरीत पडलेल्या कोल्ह्याला बाहेर काढल्याची बातमी लिहायला लावा. त्यासाठी गाईड लागत नाही.

डिसेंबरपासून दर रविवारी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवावा. सकाळी ११ ला बसायचं, कारण बोर्डाचा पेपरही तेव्हाच असतो. मध्ये उठायचं नाही, पुस्तक बघायचं नाही. दोन तासांच्या ४० गुणांच्या पेपरात एका गुणाला तीन मिनिटं येतात. तीन तासांच्या ८० गुणांच्या भाषेच्या पेपरात सव्वादोन मिनिटं. म्हणजे ८ गुणांच्या लेखनाला अठरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. हात भरून येणं, अक्षर बिघडणं, शेवटचा प्रश्न सुटणं, हे सगळं सरावात घडून गेलं की खऱ्या पेपरात धक्का बसत नाही. पेपर शिक्षकांकडून तपासून घ्यावा. नाही जमलं तर वर्गातल्याच दोघांनी एकमेकांचे तपासावेत. दुसऱ्याचा पेपर तपासताना 'एकक लिहिलं नाही', 'आकृतीला नावं नाहीत' अशा चुका पटकन दिसतात आणि मग स्वतःच्या हातून होत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी

केंद्र दुसऱ्या गावी असेल तर आधी एकदा जाऊन यावं, एसटीची वेळ बघून ठेवावी. सकाळच्या सत्राला १०.३० पर्यंत केंद्रावर हजर राहायचं असतं. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी वाचायला मिळायचा. २०२३ पासून ते बंद झालं आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळू लागली. ही दहा मिनिटं नवीन उत्तर सुरू करायला वापरू नयेत. प्रश्नांचे क्रमांक, पुरवण्यांचा आकडा, सुटलेला उपप्रश्न बघायला ती ठेवावीत.

बहुपर्यायी प्रश्नांत पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं. आधी 'अ' लिहून मग खोडून 'क' लिहिलं आणि 'क' बरोबर असलं तरी उपयोग नाही. म्हणून आधी मनात पक्कं करायचं, मग लिहायचं. भूमितीत रचनेच्या खुणा खोडायच्या नसतात, ही सूचना पेपरावरच छापलेली असते. पेपर नीटनेटका दिसावा म्हणून कंसाच्या खुणा पुसणारी पोरं स्वतःचेच गुण पुसतात.

येणारे प्रश्न आधी सोडवावेत, पण प्रश्नाचा क्रमांक ठळक आणि बरोबर लिहावा. उदाहरण अडलं तर सूत्र, दिलेली माहिती आणि जमतील त्या पायऱ्या लिहून पुढे जावं. पायऱ्यांना गुण असतात, कोऱ्या पानाला नसतात. डोकं एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं तर पेन खाली ठेवून चार-पाच श्वास सावकाश घ्यावेत, पाणी प्यावं आणि सर्वांत सोप्या एक गुणाच्या प्रश्नापासून सुरुवात करावी. एक उत्तर हातून उतरलं की पुढचं सुचायला लागतं.

कॉपीबद्दल थोडंच. गाववाले खिडकीशी जमतात, त्यांना वाटतं आपण पोरांना मदत करतोय. पकडलं गेल्यावर कारवाई पोरावर होते, आणि ११वीला त्याला कुणी चिठ्ठी पोचवत नाही.

पेपर सुटल्यावर फाटकात उत्तरं ताडत बसू नये. लगेच घरी, जेवण, तासभर झोप आणि पुढचा विषय. पालकांनीही त्या संध्याकाळी 'किती पडतील' हे विचारू नये, पुढच्या पेपराची तारीख विचारावी.

ज्यांना वाचायला-लिहायला खरोखरच अडचण येते, अक्षरं उलटसुलट दिसतात किंवा हाताला, डोळ्याला त्रास आहे, त्यांना जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून ही धावपळ शाळा सुरू होतानाच करावी, हॉलतिकीट आल्यावर नाही.

निकाल मनासारखा लागला नाही तर

२०२५ चा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. जे उरले त्यांनाही वर्ष वाया घालवायची गरज नसते. जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीनं ११वीत बसता येतं. पोर निकालाच्या दिवशी गप्प गप्प असेल तर त्याला त्या दिवशी एकटं सोडू नये, रानातही एकट्यानं पाठवू नये. मंडळ परीक्षेच्या काळात समुपदेशकही नेमतं, त्यांचे क्रमांक शाळेत मिळतात.

गुण कमी वाटले तर गुणपडताळणीसाठी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत अर्ज करायचा असतो. छायाप्रत आली की ती पोराला घेऊन विषयशिक्षकांकडे जावं आणि बेरीज, न तपासलेलं उत्तर, सुटलेली पुरवणी एवढं बघून मगच पुढचे पैसे भरावेत.